दोराचे शब्द: जर्मन 'झाइल', वैदिक सेतू आणि वाशिमची दावण

१/२५
वाशिमच्या तहसील कचेरीच्या आवारात सकाळपासून एक रांग लागलेली असते. कोणाला उत्पन्नाचा दाखला हवा असतो, कोणाला अधिवासाचा, कोणाला जातीचा. रांग ज्या खिडकीपुढे असते तिचे नाव 'सेतू'. "सेतूत जाऊन येतो" असे कोणी म्हटले की ऐकणाऱ्याला कागदपत्रे आठवतात. शाळेत शिकलेला 'सेतू म्हणजे पूल' हा अर्थ मनात असतो, पण तोही या शब्दाचा सर्वांत जुना अर्थ नव्हे. सेतू हा मुळात बांधण्याचा शब्द आहे, आणि त्याचा सख्खा भाऊबंद आज जर्मन भाषेत दोराचे रोजचे नाव म्हणून नांदतो आहे. या शब्दांचा, आणि दोर वळणाऱ्या हातांचा, हा इतिहास.

२/२५
जर्मनमध्ये दोराला 'झाइल' म्हणतात. हा शब्द त्या भाषेच्या अगदी जुन्या थरातला आहे. प्राचीन उच्च जर्मनमध्येही तो याच अर्थाने येतो. जुन्या इंग्रजीत त्याचे रूप 'साल' होते. पुढे इंग्रजीतून ते मागे पडले आणि 'रोप' उरला. चौथ्या शतकात वुल्फिलाने केलेल्या गॉथिक बायबलमध्ये याच घराण्याचे एक क्रियापद भेटते. गर्दीमुळे दारातून आत नेता येईना, म्हणून पक्षाघात झालेल्या माणसाची बाज छपरातून खाली सोडली जाते, तो प्रसंग. 'दोरांनी खाली सोडले' एवढे सारे तिथे एकाच क्रियापदात आले आहे.

३/२५
भाषाशास्त्रज्ञ या शब्दाचे मूळ 'बांधणे' या अर्थाच्या एका भारोपीय धातूकडे नेतात. तोच धातू संस्कृतात 'सि' म्हणून आला. पाणिनीय परंपरेचा धातुपाठ त्याचा अर्थ 'बंधने' असा देतो. 'सिनाति' म्हणजे बांधतो. लिथुआनियन भाषेतले 'बांधणे' हे क्रियापद याच कुळातले, आणि वाद्याच्या तारेला जर्मन लोक 'झाइटे' म्हणतात तो शब्दही याच कुळातला. संस्कृतात या धातूपासून जो शब्द घडला तो 'सेतु'. एका मुळाच्या दोन फांद्या: एक मध्य युरोपात दोर झाली, दुसरी गंगेच्या आणि गोदावरीच्या काठी पूल झाली.

४/२५
हा बदल एका रात्रीत झाला नाही. ऋग्वेदात सेतू म्हणजे बंधन. मित्र आणि वरुण हे असत्याला जखडणारे, अनेक पाश असलेले सेतू आहेत, असे एका सूक्तात म्हटले आहे. छांदोग्य उपनिषदात आत्म्याला सेतू म्हटले आहे, कारण तो लोकांना एकमेकांत मिसळू न देता धरून ठेवतो. इथे अर्थ बांधाचा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सेतू म्हणजे पाणी अडवणारा बंधारा. बंधाऱ्यावरून माणसे ये-जा करू लागली, की तोच पूल. जखडणारा, अडवणारा आणि शेवटी जोडणारा, असा हा क्रम आहे.

५/२५
या शब्दाचे विदर्भाशी जुने नाते आहे. 'सेतुबंध' हे महाराष्ट्री प्राकृतातले प्रसिद्ध महाकाव्य. त्याचा कर्ता विदर्भाचा वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन मानला जातो. विषय अर्थातच रामाने समुद्रावर बांधलेला सेतू. वाकाटकांची दुसरी शाखा वत्सगुल्मास, म्हणजे आजच्या वाशिमला, राज्य करीत होती. तिचा संस्थापक सर्वसेन हाही प्राकृत कवी. त्याचे 'हरिविजय' आज उपलब्ध नाही, पण नंतरच्या साहित्यशास्त्रकारांनी त्याचे दाखले घेतले आहेत. मराठीच्या पूर्वज भाषेत राजे काव्य लिहीत होते, त्या काळी वाशिम हे राजधानीचे गाव होते.

६/२५
'वत्सगुल्म' या नावातला 'वत्स' स्थानिक परंपरेत ऋषी आहे. याच शब्दाचा दुसरा, घरगुती अर्थ वासरू. वासरू बांधायच्या दोरीला संस्कृतात 'वत्सतंत्री' असे स्वतंत्र नाव होते. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात वत्सतंत्री ओलांडू नये असा नियम आहे, आणि त्याच्याच जोडीला पाऊस पडत असता धावू नये, असाही. धर्मशास्त्राच्या भाषेत लिहिलेले हे गोठ्यातले शहाणपण दिसते. अंधारात ताणलेली दोरी पायात अडकली की माणूसही पडतो आणि वासरूही बुजते. गुरे सांभाळणाऱ्या समाजात दोरीला नियमांच्या ग्रंथातही जागा मिळते.

७/२५
वऱ्हाडातल्या गोठ्यात आजही जो शब्द घुमतो तो 'दावं'. तो वैदिक 'दामन्' या शब्दाचा थेट वंशज आहे; तिथेही मूळ धातूचा अर्थ बांधणे हाच. अनेक वासरे एका ओळीत बांधायच्या लांब दोराला 'दामनी' म्हणत. तिची मराठीत 'दावण' झाली. यशोदेने ज्याच्या पोटाला दावे बांधले तो दामोदर. देवाच्या नावात संस्कृत रूप सुरक्षित राहिले आणि गोठ्यात मराठी रूप रुळले. दामोदर नावाचा शेतकरी संध्याकाळी बैलांना दावणीला बांधतो, तेव्हा एकच शब्द दोन पोशाखांत समोरासमोर उभा असतो.

८/२५
'दोर' या शब्दाची वाट वेगळी. वैदिक वाङ्मयातल्या दोरवाचक शब्दांत तो दिसत नाही. प्राकृतात 'दवर' आणि 'दोर' अशी रूपे भेटतात, आणि उत्तरकालीन संस्कृतातला 'दोरक' लोकभाषेतूनच वर गेला असावा. मराठीत त्याचा मोठा परिवार झाला: दोर, दोरा, दोरी, दोरखंड. 'कटी' म्हणजे कंबर. कमरेचा दोरा तो कडदोरा, आणि बोलण्यात अक्षरे उलटीपालटी होऊन करदोडा. तान्ह्या मुलाच्या कमरेला बांधला जाणारा तो काळा दोरा म्हणजे या शब्दाशी मराठी माणसाची पहिली ओळख.

९/२५
'रज्जू' हा आणखी एक वैदिक शब्द, आणि त्याने सत्तेची वाट धरली. अशोकाच्या स्तंभलेखांत लाखो प्रजाजनांवर नेमलेले 'रजुक' नावाचे अधिकारी येतात. बहुतेक अभ्यासक हे नाव रज्जूवरून, म्हणजे जमीन मोजण्याच्या दोरावरून, आलेले मानतात. पाली जातककथांत 'रज्जुगाहक', म्हणजे दोर धरणारा, अमात्य भेटतो. जैन परंपरेने तर विश्वच दोराने मोजले: लोकाची उंची १४ रज्जू सांगितली जाते. अंतरिक्ष पार्श्वनाथाचे शिरपूर आणि जुन्या जैन हस्तलिखितांसाठी ख्यात असलेले कारंजा, दोन्ही वाशिम जिल्ह्यातच आहेत.

१०/२५
दोराने जमीन मोजण्यात एक खोट होती. ओला झाला की ताग आखडतो, वाळला की सैल पडतो. मोजणारा लबाड असेल तर हवामान त्याच्या मदतीला येते. अकबराच्या काळात ताग-दोराऐवजी लोखंडी कड्यांनी जोडलेल्या बांबूच्या काठ्या आल्या, असे 'ऐन-ए-अकबरी' सांगते. याच ग्रंथात वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये 'बासिम' म्हणजे वाशिम आहे. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजी कारभाराखाली गेल्यावर मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी झाली. आता दोराच्या जागी साखळी आली: ३३ फुटांची, १६ आण्यांची. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तो गुंठा.

११/२५
ज्ञानाच्या भाषेतही दोर आहेच. यज्ञवेदी आखण्याचे नियम ज्या ग्रंथांत आहेत ती शुल्बसूत्रे. 'शुल्ब' म्हणजे दोरी. आयताच्या कर्णावरचा चौरस दोन बाजूंवरच्या चौरसांच्या बेरजेइतका असतो, हा नियम बौधायनाने दोरीच्या भाषेत सांगितला आहे. 'सूत्र' म्हणजे सूत, आणि तोच शब्द नियमाला. 'गुण' म्हणजे दोराचा पेड, धनुष्याची दोरीही. दोन पेडांचा तो द्विगुण, तीन पेडांचा तो त्रिगुण. मराठीतला 'गुणाकार' याच पेडांनी वळलेला आहे. चर्चेच्या मालिकेला मराठीत आज 'धागा' म्हणू लागले आहेत, तीही याच सवयीची पुढची पायरी.

१२/२५
'रश्मी' म्हणजे किरण, हे सर्वांना ठाऊक आहे. वेदांत त्याचा अर्थ लगाम, दोर असाही आहे. सूर्याच्या घोड्यांचे लगाम हेच त्याचे किरण. आता वऱ्हाडातल्या शेतकऱ्याचे वाक्य आठवावे: "दिवस कासराभर वर आला." कासरा म्हणजे बैलाला हाकताना हातात धरायचा दोर. आकाशात सूर्य क्षितिजापासून एका कासऱ्याइतका वर दिसला, म्हणजे सकाळ किती झाली ते कळते. वेदातल्या कवीने सूर्याच्या हाती दोर पाहिला आणि औतामागच्या शेतकऱ्याने आपल्या हातातल्या दोराने सूर्य मोजला. दोघांचे काम गुराघोड्यांशीच होते.

१३/२५
इतक्या शब्दांकडे एकत्र पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. दोराचे शब्द वरवर चढत गेले. सेतू काव्यात गेला आणि पुढे शासनात, रज्जू महसुलात, सूत्र शास्त्रात, गुण गणितात आणि तत्त्वज्ञानात, रश्मी सूर्यमंडळात. वेदान्त्यांना तर जगाचा भास समजावून सांगायला दोरीवर दिसणारा सापच सोयीचा वाटला. या सगळ्यात एक प्रश्न कोणी विचारलेला दिसत नाही: तो दोर वळला कोणी? त्याचे उत्तर ग्रंथांत फारसे नाही. गावगाड्यात मात्र ते प्रत्येकाला ठाऊक होते.

१४/२५
आधी कच्चा माल. वऱ्हाडात दोरासाठी मुख्य वनस्पती अंबाडी. तिच्या कोवळ्या पानांची आंबट भाजी ज्वारीच्या भाकरीबरोबर घरोघरी खाल्ली जाते. पूर्वी शेतात आणि धुऱ्याच्या कडेने अंबाडीच्या ओळी हमखास असत. पीक वाढले की ते कापायचे, पेंढ्या बांधून पाण्यात भिजत घालायच्या, साल कुजून सुटी झाली की सोलून, धुऊन वाळवायची. हाती येतो तो वाख. त्याच्या जोडीला ताग, पळसाच्या मुळ्यांची साल, आणि बांधावरच्या घायपाताचा धागा. घायपात हे मूळचे अमेरिका खंडातले, पण गावाने त्यालाही कामाला लावले.

१५/२५
वाख हातात घेऊन ओढला तर सहज निसटतो, कारण प्रत्येक तंतू आखूड असतो. त्याला बळ येते ते पिळाने. तंतू एका दिशेने पिळून पेड करायचा. मग दोन किंवा तीन पेड उलट दिशेने एकमेकांभोवती वळायचे. पेड उलगडू पाहतो तेव्हा दोर आवळतो, आणि दोर उलगडू पाहतो तेव्हा पेड आवळतो. दोन विरुद्ध ओढींच्या तोलावर दोर टिकतो. ताण पडला की तंतू एकमेकांना अधिकच घट्ट धरतात. मांडीवर, हातावर आणि लाकडी फिरकीवर केलेले हे काम. पीळ कुठे कमी-जास्त झाला तर दोर नेमका तिथेच दगा देतो.

१६/२५
शेतीला एक दोर पुरत नाही. बैलाच्या नाकात वेसण, तोंडाभोवती म्होरकी, हाकायला कासरा, गोठ्यात दावे. ओझी बांधायला चऱ्हाट. मोट चालू होती तेव्हा तिचा जाड दोर तो नाडा, आणि मोटेची सोंड ओढणारा बारीक दोर तो सोल. प्रत्येकाची जाडी, लांबी आणि पीळ वेगळा. वेसणीला मऊपणा हवा, नाड्याला दम हवा. हे शब्द कोशकारांनी गोळा केले, पण घडवले ते दोर वळणाऱ्यांनी आणि वापरणाऱ्यांनी. चऱ्हाट हे लांबलचक, न संपणाऱ्या बोलण्याचेही नाव झाले, त्यात कारागिराच्या संथ कामाचीच आठवण आहे.

१७/२५
हे काम मराठी मुलखात प्रामुख्याने मातंग समाजाकडे होते. जुन्या कागदांत आणि कोशांत 'मांग' हे नाव येते. गावगाड्यातल्या बारा बलुतेदारांची तीन ओळींत विभागणी सांगितली जाते. मोल्सवर्थच्या कोशातल्या यादीत पहिल्या ओळीत चार जण आहेत: सुतार, लोहार, महार, मांग. मधल्या ओळीत कुंभार, चांभार, परीट, न्हावी. भट तिसऱ्या ओळीत. शेतीचे काम ज्याच्यावाचून अडते त्याचा खळ्यावरचा वाटा मोठा, हे या क्रमामागचे तत्त्व. औत सुताराचे, फाळ लोहाराचा, आणि बैलाला औताशी जोडणारा दोर मातंगाचा.

१८/२५
हे अवलंबित्व वर्षातून एकदा उघड दिसे ते पोळ्याला. श्रावणाच्या अमावास्येला वऱ्हाडात बैल सजतात. आदल्या दिवशी त्यांची खांदमळणी होते, त्यांना जेवणाचे आवतण दिले जाते. पोळ्याच्या दिवशी नवी वेसण, नवी म्होरकी, नवा कासरा हवाच. आंब्याच्या पानांचे तोरण ज्या दोराला ओवले जाते तो दोरही लागतो. त्या तोरणाखाली गावचे बैल मानाच्या क्रमाने उभे राहतात आणि तोरण तुटले की पोळा फुटतो. सणातली जवळजवळ प्रत्येक वस्तू ज्याच्या हातून आली, त्याचे स्वतःचे घर मात्र गावकुसाबाहेर होते.

१९/२५
दोराला आणखी एक काळी बाजू होती. फाशी देण्याचे कामही अनेक ठिकाणी मांग जातीच्या माथी मारलेले होते. ज्यांनी शिक्षा फर्मावली त्यांचे हात स्वच्छ राहिले. दोर ओढणाऱ्याला लोकांनी क्रूर ठरवले, आणि तो शिक्का भाषेत उतरला. जर्मन भाषेतही ही सावली आहे. दोर वळणाऱ्याला तिकडे 'झाइलर' म्हणतात, आणि 'झाइलरच्या मुलीशी लग्न लागले' या वाक्प्रचाराचा अर्थ 'फासावर गेला' असा होतो. फरक असा की बहुतेक जर्मन शहरांत झाइलरांचे मानाचे कारागीर-संघ होते, आणि 'झाइलर' हे आडनाव तिकडे कोणी लपवत नाही.

२०/२५
युरोपात सगळीकडे तसे नव्हते. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात 'काकू' नावाचा एक बहिष्कृत वर्ग होता. त्यांना कुष्ठरोग्यांचे वंशज समजले जाई. वस्ती वेगळी, चर्चमध्ये बसायची जागा वेगळी, लग्ने आपसांतच. त्यांना मोकळे ठेवलेल्या मोजक्या धंद्यांत दोर वळणे हा मुख्य. तोच वाख, तोच पीळ, आणि तशीच वेशीबाहेरची वस्ती, हजारो कोसांवर. या साम्यामागे कुठलाही समान धर्मग्रंथ नाही. कामाला कमी लेखायचे ठरले की कारणे स्थानिक पातळीवर शोधली जातात, एवढेच त्यातून दिसते.

२१/२५
मराठी भाषेच्या इतिहासात याच संदर्भातल्या दोन तारखा शेजारी ठेवण्यासारख्या आहेत. १८५७ मध्ये मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती निघाली. त्यात मांग ही एक नोंद आहे: हलकी जात आणि तिची कामे. त्याच्या दोनच वर्षे आधी, १८५५ मध्ये, 'ज्ञानोदय'मध्ये मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध छापून आला होता. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिले. कोशात जे नाम होते, ते निबंधात कर्ता झाले. दोराचे शब्द हजारो वर्षे लिहिले जात होते. दोर वळणाऱ्या समाजातल्या कोणी मराठीत छापील अक्षरांत स्वतःविषयी बोलण्याचा हा फार आरंभीचा प्रसंग आहे.

२२/२५
वाक्प्रचारांत दोराची ताकद शिल्लक आहे. सिंहगडावर तानाजी पडल्यावर सूर्याजीने गडाचे दोर कापले, अशी १६७० सालची आठवण सांगितली जाते, आणि तेव्हापासून 'परतीचे दोर कापणे' म्हणजे माघारीची वाट बंद करणे. बेफाम झालेल्याला वेसण घालतात. हुकूम चालवणाऱ्याच्या हाती सूत्रे असतात. 'सुंभ जळाला तरी पीळ जात नाही' ही म्हण तर हुबेहूब पाहून केलेली आहे: जळालेल्या सुंभाची राखही काही क्षण पिळाचा आकार धरून राहते. ताठा दाखवायला हा दाखला ज्याने प्रथम दिला, त्याने चुलीशेजारी बसून दोर जळताना पाहिला असणार.

२३/२५
जर्मन 'झाइल'नेही असेच नवे संसार थाटले. १८३४ मध्ये हार्त्स पर्वतातल्या खाणींसाठी विल्हेल्म आल्बर्टने लोखंडी तारांचा दोर तयार केला; वाखाचा पीळ लोखंडाला मिळाला. डोंगरावरच्या रोपवेला जर्मन 'झाइलबान' म्हणतात. एकाच दोराला बांधून चढणाऱ्या गिर्यारोहकांची तुकडी ती 'झाइलशाफ्ट'; तोच शब्द आता सत्तेच्या जागी एकमेकांना वर ओढणाऱ्या टोळक्यालाही लावतात. हॅम्बुर्गची प्रसिद्ध 'रेपरबान' म्हणजे दोर वळणाऱ्यांची वाट. लांब दोर वळायला लांब, सरळ रस्ता लागे. आज तिथे करमणुकीचा बाजार आहे आणि दोर फक्त नावात आहे.

२४/२५
वाशिममध्येही दोर बराचसा नावातच उरला. विहिरीवर इंजिन आणि पुढे विजेचा पंप आला तेव्हा नाडा आणि सोल गेले. ट्रॅक्टर आला तेव्हा कासरा कमी झाला. सोयाबीनने खरिपाची शेते व्यापली आणि अंबाडीच्या ओळी आक्रसत गेल्या. भाजीपुरती ती राहिली. उरलेल्या बैलांसाठी बाजारात रंगीत नायलॉनचे दोर मिळतात, ते कुजत नाहीत आणि स्वस्तही पडतात. बलुत्याची पद्धत मोडली याचे दुःख कोणी करू नये. तिच्यातला वाटा हक्काचा म्हणत, पण तो मागावा लागे उंबऱ्याबाहेर उभे राहून. तिच्याबरोबर गेलेले कौशल्य मात्र खरे होते, आणि त्याची नोंद कोणत्याही कार्यालयात नाही.

२५/२५
आता पुन्हा त्या रांगेकडे. पोळ्याची वेसण ज्यांनी वळली त्यांचा नातू किंवा पणती सेतूच्या खिडकीपाशी उभी आहे. महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी अनुसूचित जातीचा दाखला हवा आहे, आणि त्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा: पणजोबांचा शाळेचा दाखला किंवा कोतवाल बुकातली नक्कल. पणजोबा शाळेत गेलेच नसतील तर कोतवाल बुकातल्या एका ओळीवर सगळे अवलंबून राहते. ज्या नावाने त्यांना वेशीबाहेर ठेवले, तेच नाव आता कागदावर सिद्ध करायचे आहे, कारण संविधानाने दिलेला हक्क त्या नावामागून चालत येतो. सेतूचा वेदातला अर्थ बंधन आणि आजचा अर्थ पलीकडे नेणारी वाट. त्या खिडकीपाशी दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे असतात. दाखला हाती पडला की पणती तो घडी घालून पिशवीत ठेवते आणि गावाकडच्या गाडीची वाट पाहते.